साखरेचा सोनचाफा आणि श्रावणातली हवा

आमच्या सासूबाईंना ऑगस्टमध्ये पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होणार होती. त्यानिमित्त घरीच केक करावा आणि त्यावर त्यांच्या माहेरच्या परसातली फुले साखरेची करून ठेवावीत, असे मी मे महिन्यातच ठरवून टाकले. माहेर चिपळूणजवळचे. परसदारी सोनचाफ्याचे झाड, विहिरीच्या कडेने अबोलीचा ताटवा आणि न्हाणीघराच्या पाण्यावर वाढलेले गावठी गुलाबाचे झुडूप, हे वर्णन मी लग्न झाल्यापासून इतक्या वेळा ऐकले आहे की, ते परस मी कधी पाहिलेले नाही हे माझे मलाच खरे वाटत नाही. फुले ठरली, पण ती कोणत्या महिन्यात करायची आहेत याचा विचार मी केला नाही. पुढे जे काही बिघडले ते त्या एका गोष्टीमुळे.

साखरेच्या फुलांचे दोन दिवसांचे शिक्षण मी त्याआधीच्या वर्षी ठाण्यात एका बाईंकडे घेतले होते. तिथे पहिल्या तासाला जी गोष्ट सांगितली गेली ती मी वहीत लिहून घेतली आणि विसरले. शुगर पेस्ट हा शब्द आपल्याकडे दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी सरसकट वापरला जातो. केक झाकण्यासाठी जे फाँडंट वापरतात ते मऊ राहावे म्हणून त्यात ग्लिसरीन आणि ग्लुकोजचा पाक असतो. केकवरचा तो थर सुरीने सहज कापला गेला पाहिजे आणि दाताखाली कडक लागता कामा नये, अशी त्याची रचना असते. फुलांसाठी लागणारी पेस्ट नेमकी याच्या उलट स्वभावाची हवी. ती कागदासारखी पातळ लाटली जावी, ओढली तरी तुटू नये आणि वाळल्यावर चिनी मातीच्या कपासारखी खणखणीत व्हावी. हा ताणही आणि हा कडकपणाही तिच्यात घातलेल्या डिंकातून येतो. युरोपात सोळाव्या शतकापासून त्यासाठी ट्रॅगाकँथ नावाचा डिंक साखरेत कालवत आले आहेत; आता त्याच्या जागी बहुतेक जण सीएमसी, म्हणजे कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, ही पांढरी भुकटी घालतात. ट्रॅगाकँथ मुरायला बराच वेळ घेतो, सीएमसी त्या मानाने लवकर काम करते.

इंग्लंडकडच्या जुन्या कृतींत फुलांच्या पेस्टमध्ये अंड्याचा पांढरा बलक आणि जिलेटिन असे दोन्ही असते. आमच्या घरात या दोन्हींना मज्जाव आहे, आणि ज्यांचा वाढदिवस त्यांना चालणार नाही अशी वस्तू त्यांच्याच केकवर ठेवण्यात काही अर्थ नव्हता. शाकाहारी साहित्यातून हे काम हलक्या दर्जाचे होते हा समज पुण्याच्या केक-कलाकार प्राची धबल देब यांचे अंड्याशिवायच्या रॉयल आयसिंगमधले, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या साखरेच्या लेपातले, जाळीकाम पाहिल्यावर टिकत नाही, त्यामुळे ती काळजी मला नव्हती. बाजारातले तयार फाँडंट घेताना मात्र पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून घ्यावा लागतो, कारण काहींत जिलेटिन असते. मी सुरुवातीला सोपा मार्ग धरला. पाव किलो तयार फाँडंटमध्ये एक लहान चमचा सीएमसी मळायची, गोळ्याला वनस्पती तुपाचा हात लावायचा, प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी पुन्हा मळून कामाला घ्यायचा. मळून लगेच लाटायला घेतलेली पेस्ट रबरासारखी मागे येते. रात्रभर मुरलेली पेस्ट जिथे लाटावी तिथेच राहते. पुरणपोळीची कणीक तिंबून ठेवणाऱ्या कोणत्याही बाईला याचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही.

हत्यारांवर फार खर्च करण्याची गरज नाही, असे माझे मत झाले आहे, जरी क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या केकसामानाच्या दुकानांत शिरल्यावर हे मत टिकवणे अवघड जाते. पाकळीचे आकार कापायला पोलादी कटर लागतात. पाकळीवर शिरा उमटवायला सिलिकॉनचा ठसा असला तर उत्तम. नसला तर खऱ्या पानाची मागची बाजू धुऊन, पुसून वापरता येते, मात्र ते पान विषारी झाडाचे नसावे. कडा पातळ करण्यासाठी दोन्ही टोकांना गोळी असलेले बॉल टूल आणि त्याखाली ठेवायला स्पंजची पाटी या दोन वस्तूंना पर्याय नाही. बाकी सगळे स्वयंपाकघरात सापडते. कॉर्नफ्लोअर भुरभुरायला मलमलीच्या फडक्याची पुरचुंडी केली. चिकटवायची खळ म्हणजे दोन मोठे चमचे पाण्यात पाव लहान चमचा सीएमसी; ती आधी गुठळ्यांनी भरलेली दिसते म्हणून ढवळत बसू नये, रात्रभरात गुठळ्या आपोआप विरघळतात. पाकळ्यांना खोलगट वाळवण्यासाठी मी आधी चमचे वापरले. पण घरातले सगळे चमचे अडकून पडू लागल्यावर आमच्या फळवाल्याकडून सफरचंदाच्या पेटीतले पुठ्ठ्याचे खळगे असलेले ट्रे मागून आणले. ते फुकट मिळाले आणि सर्व साहित्यात तेच सर्वांत उपयोगी ठरले, कारण पुठ्ठा खालच्या बाजूनेही ओल ओढून घेतो.

मे महिन्यात मी दोन गुलाब केले आणि ते इतके चांगले झाले की माझा घात झाला. गुलाबाची सुरुवात पाकळीने होत नाही, आतल्या गाभ्याने होते. वीस नंबरच्या तारेचे टोक वाकवून, खळीत बुडवून त्यावर पेस्टचा थेंबाच्या आकाराचा गोळा बसवायचा आणि तो निदान एक दिवस पूर्ण वाळू द्यायचा. गाभा ओला राहिला तर पाकळ्यांच्या वजनाने तारेवरून खाली घसरतो. तारांचे नंबर उलटे चालतात, हेही सांगितले पाहिजे: नंबर जितका मोठा तितकी तार बारीक, म्हणून जड फुलाच्या दांड्याला अठरा किंवा वीस आणि सुट्या पाकळीला सव्वीस किंवा अठ्ठावीस. गाभ्याची उंची पाकळीपेक्षा किंचित कमी ठेवायची, कारण पहिल्या पाकळीने त्याचे टोक पूर्ण झाकले गेले पाहिजे. ते उघडे राहिले की गुलाब कितीही सुंदर झाला तरी त्यातून खुंटी डोकावते. पहिली पाकळी गच्च गुंडाळायची, पुढच्या दोन एकमेकींच्या कुशीत शिरल्यासारख्या, त्यानंतर तीन थोड्या सैल आणि बाहेरच्या पाच पूर्ण उमललेल्या. बॉल टूल फिरवताना त्याची गोळी अर्धी पाकळीवर आणि अर्धी स्पंजवर राहिली पाहिजे. सगळी गोळी पाकळीवर आली तर कड पातळ होण्याऐवजी मधोमध भोक पडते, हे मला सात-आठ पाकळ्या गमावल्यावर हाताला कळले. कडा पातळ झाल्या की त्यांना आपोआप नागमोड येते. ती मुद्दाम आणायला गेले की झालर दिसते, पाकळी दिसत नाही.

सोनचाफ्यासाठी मला तयार कटर मिळाला नाही. गुलाब, लिली, ऑर्किड, पियोनी यांचे कटर हवे तेवढे मिळतात, कारण ही कला जिथून आली तिथली ती फुले आहेत. आपला चाफा, अबोली, बकुळ करायची तर आकार आपले आपणच काढावे लागतात. मी फुलवाल्याकडून वसईहून आलेल्या चाफ्याची सहा फुले घेतली. त्यांतले एक टेबलावर उघडले, एकेक पाकळी सोडवून बाहेरून आतल्या क्रमाने कागदावर मांडली आणि तिची बाह्यरेषा पेन्सिलीने काढून घेतली. इतकी वर्षे ज्या फुलाचा वास घेतला ते मी कधी पाहिलेच नव्हते. त्या फुलात पंधरा पाकळ्या निघाल्या. बाहेरच्या रुंद, टोकाशी किंचित मागे वळलेल्या. आत जावे तसतशा अरुंद, आणि अगदी आतल्या जवळजवळ रेघेसारख्या. मध्यभागी हिरवट रंगाचा लांबट दांडा आणि त्याच्या बुडाशी पिवळसर पुंकेसरांचा दाट घेर. रंगही एक नव्हता: देठाशी फिका, मध्ये लोण्यासारखा पिवळा आणि बाहेरच्या पाकळ्यांच्या पाठीवर नारिंगीकडे झुकणारा. दुसऱ्या दिवशी तीच पाकळी कडेने तपकिरी पडू लागली, म्हणून उरलेली फुले मी आपल्याकडच्या जुन्या पद्धतीने पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवली आणि आठवडाभर समोर ठेवून काम केले.

बाह्यरेषांवरून जाड कागदाचे चार मापांचे नमुने कापले आणि त्यांच्याभोवती धारदार सुरी फिरवून पाकळ्या कापल्या. प्रत्येक पाकळीत स्वतंत्र तार घालावी लागते. त्यासाठी पेस्ट खाच असलेल्या पाटीवर लाटतात, म्हणजे पाकळीच्या मध्यातून एक जाडसर कणा उठतो आणि खळ लावलेली अठ्ठावीस नंबरची तार त्या कण्यात पाकळीच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत सरकवता येते. तार आत जाताना दोन बोटांच्या चिमटीत पाकळी धरून ठेवायची, म्हणजे ती वरून किंवा खालून बाहेर पडली तर बोटाला आधी कळते. एका फुलाला पंधरा पाकळ्या, केकसाठी फुले सात, आणि फुटतील म्हणून एक तृतीयांश जास्त, असा हिशेब मांडला तेव्हा दीडशेच्या आसपास आकडा आला. मला वाटले, जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तर भरपूर वेळ आहे.

पहिल्या सतरा-अठरा पाकळ्या मी एका शनिवारी केल्या आणि सफरचंदाच्या ट्रेमध्ये ठेवून झोपले. रविवारी सकाळी त्या वाळल्यासारख्या वाटल्या. सोमवारी बँकेतून परत आले तेव्हा पाकळ्या तारांवरून लोंबत होत्या आणि दोन चक्क ट्रेच्या पुठ्ठ्याला चिकटल्या होत्या. हात लावला तर बोटाला ओशट ओल लागली. मला वाटले सीएमसी कमी पडली, म्हणून पुढच्या गोळ्यात दुप्पट घातली. त्या पेस्टला लाटतानाच चिरा जाऊ लागल्या आणि तिच्या पाकळ्याही दोन दिवसांनी तशाच माना टाकून बसल्या. तिसऱ्या खेपेला तयार पेस्ट बाजूला ठेवून घरच्या साखरेची पिठी मिक्सरमध्ये केली. तीत कण राहिले, आणि पाकळी पातळ झाली की नेमकी त्या कणाजवळ फाटत गेली. वाळवायला म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवलेल्या पाकळ्यांना फक्त तांदळाची पिठूळ बसली. तीन आठवडे असे गेले.

सासूबाईंपासून हे सगळे लपवण्याचा माझा बेत होता. दोन खोल्यांच्या घरात तो जितका टिकायचा तितका टिकला. एके दुपारी त्या ट्रेसमोर येऊन उभ्या राहिल्या, एक लोंबलेली पाकळी तारेसकट उचलून उजेडात धरली आणि म्हणाल्या, "अगं, साखरेचं काम पावसाळ्यात काढतं का कुणी? हलवा आपण पौषातच का करतो?"

या प्रश्नाचे उत्तर मला माहीत असायला हवे होते, कारण लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या संक्रांतीला मी जे हलव्याचे दागिने घातले होते त्यांतला दाणा न् दाणा त्यांनी घरी केला होता. मंद शेगडीवर परात ठेवून तीत तीळ आणि खसखस घ्यायची, चमचा-चमचा पाक सोडत बोटांनी सतत हलवत राहायचे, आणि थंड, कोरड्या हवेत हळूहळू दाण्यावर काटा फुलत जातो. ढगाळ दिवशी काटा येत नाही, दाणे चिकट होतात, हे त्यांनी मला तेव्हाही सांगितले होते. साखर हवेतले पाणी ओढून घेते, एवढीच ती गोष्ट. मी तिला दमटपणा म्हणून ओळखत होते, पण माझ्या टेबलावरच्या पाकळीशी तिचा संबंध जोडला नव्हता. शिवाय मी वापरत होते ते फाँडंट, ज्यात ओल धरून ठेवण्यासाठी म्हणूनच ग्लिसरीन घातलेले असते. मे महिन्यात पंख्याखाली जे दोन दिवसांत वाळले ते जुलैत वाळणार नव्हते, मग सीएमसी कितीही घाला.

त्यानंतर मी दोन बदल केले. पहिला बदल पेस्टमध्ये. साडेचारशे ग्रॅम बाजारची बारीक आयसिंग शुगर मलमलीतून चाळून घेतली, तीत सपाट तीन लहान चमचे सीएमसी मिसळली, साठ मिलीलिटरच्या आसपास कोमट पाण्यात फक्त एक लहान चमचा ग्लुकोजचा पाक विरघळवून ते हळूहळू ओतले आणि शेवटी वनस्पती तुपाचा एक चमचा घालून चांगले दहा मिनिटे मळले. ग्लिसरीनचा थेंब नाही. ही पेस्ट लाटायला फाँडंटपेक्षा हट्टी आहे आणि उघडी राहिली तर पाच मिनिटांत तिच्यावर खपली धरते, म्हणून एका वेळी सुपारीएवढाच गोळा बाहेर काढून बाकीचा झाकून ठेवावा लागतो. पण ती वाळते.

दुसरा बदल हवेत. हवेतील आर्द्रता दाखवणारे एक छोटे यंत्र आणले. स्वयंपाकघरात त्यावर शेकडा 86 आकडा दिसला आणि मुलाच्या खोलीत एसी कोरड्या हवेच्या मोडवर तासभर चालवल्यावर 54. मग त्या खोलीतले अभ्यासाचे टेबल फुलांचे झाले. पाकळ्या तिथे रात्रभर ठेवून सकाळी ओव्हनमध्ये, आच न लावता नुसता आतला दिवा चालू ठेवून, आणखी चार तास वाळवल्या. पूर्ण वाळलेली पाकळी ओळखायची खूण आवाजाची आहे: दोन पाकळ्या एकमेकींवर हलकेच टेकवल्या की बांगड्यांसारखा किणकिणाट येतो. तो आला की त्या ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात जातात. इथे एक सावधगिरी आहे. अर्धवट वाळलेले फूल बंद डब्यात ठेवले तर त्याची स्वतःची ओल त्याच्याभोवतीच कोंडली जाते, म्हणून कोरड्या हवेच्या गावात पुठ्ठ्याचे खोके वापरणेच बरे. कोकणपट्टीच्या पावसात मात्र आधी पूर्ण वाळवणे आणि मग पूर्ण बंद करणे याला इलाज नाही. नव्या पेस्टच्या पहिल्या पाकळ्या पाचव्या दिवशीही ताठ होत्या. तेव्हा ऑगस्टचा पहिला आठवडा संपत आला होता आणि वाढदिवसाला बारा दिवस उरले होते. सात चाफ्यांऐवजी पाच करायचे ठरले.

रंगाच्या बाबतीत मला जे शिकवले गेले ते मी तंतोतंत पाळले, आणि तिथे काही बिघडले नाही. पेस्ट मळतानाच तिला फुलातल्या सर्वांत फिक्या छटेचा रंग द्यायचा आणि बाकीचा रंग वाळल्यावर कोरड्या भुकटीने ब्रशने चढवायचा. गडद रंग पेस्टमध्येच आणायचा म्हटले तर इतका जेल रंग घालावा लागतो की पेस्ट चिकट आणि कडवट होते. ब्रश नेहमी कडेकडून गाभ्याकडे किंवा गाभ्याकडून कडेकडे न्यावा, आडवा फिरवला की पट्टे दिसतात. रंग विकत घेताना मात्र एकदा फसगत होता होता राहिली. एका दुकानात मला जी सुंदर नारिंगी भुकटी दाखवली गेली तिच्या डबीवर 'बिनविषारी' असे लिहिले होते आणि विक्रेत्याचा आग्रह होता की त्याचा अर्थ 'खाण्यायोग्य' असाच होतो. तो तसा होत नाही. बिनविषारी म्हणजे चुकून तोंडात गेल्यास विषबाधा होणार नाही, एवढेच. शाळेतले खडूही बिनविषारी असतात. खाण्याच्या रंगाच्या डबीवर घटक लिहिलेले असतात, त्यांत पिवळ्यासाठी 102 आणि नारिंगीसाठी 110 असे क्रमांक दिसतात, आणि उत्पादकाचा अन्नपरवाना क्रमांक असतो. ते नसेल तर ती भुकटी केकजवळ आणू नये.

भुकटी लावलेले फूल खडूने रंगवल्यासारखे कोरडे दिसते. त्याला जीव येतो तो वाफेने. उकळत्या पाण्याच्या केटलच्या तोंडापासून वीतभर अंतरावर फूल दोन-तीन सेकंद फिरवले की साखरेचा वरचा पापुद्रा किंचित विरघळून रंग धरतो आणि मेणचट, ओलसर चमक येते. ज्या पाण्यापासून महिनाभर पळत होते त्याच पाण्यासमोर तयार फूल धरताना माझा हात कापला, हे कबूल करते. एका गुलाबावर मी लोभाने पाच-सहा सेकंद घालवली आणि त्याच्या बाहेरच्या पाकळीवर पाण्याचे टपोरे थेंब उठून रंग वाहिला. तो गुलाब केकच्या मागच्या बाजूला गेला.

अबोली माझ्या वाट्याला आलीच नाही. शेजारपाजारच्या मुलांसाठी चोवीस कपकेक करायचे होते आणि त्यांवर प्रत्येकी दोन-दोन अबोलीची फुले हवी होती. कपकेक मुले सरळ तोंडात घालतात, म्हणून त्यावरच्या फुलात तार अजिबात असू नये, हा नियम मी कधी मोडत नाही. अबोलीचे फूल तसे विचित्र: बारीक लांब नळी आणि तिच्या एकाच बाजूला पंख्यासारखा पसरलेला पाच खंडांचा पातळ पडदा. पेस्टची गोळी एका टोकाला निमुळती करायची, दुसऱ्या टोकाला दाबून पसरवायची, कातरीने चार काप द्यायचे आणि प्रत्येक खंड बोटाने चेपून पातळ करायचा. मी एक करून दाखवले. सासूबाईंनी दोन बिघडवली. मग पोळपाटावरची पेस्ट बाजूला सारून त्यांनी ती थेट अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये वळायला घेतली, आणि पंधरा मिनिटांत त्यांची फुले माझ्यापेक्षा नाजूक येऊ लागली. लग्नघरांत गव्हले वळण्यात ज्यांची दुपारेच्या दुपारे गेली त्या बोटांना तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू एकसारखी करणे नवे नव्हते. चाफ्याच्या बुडाचे पुंकेसर मी कातरीच्या टोकाने चिमटे काढून करत होते. ते त्यांना पसंत पडले नाहीत. "खऱ्या फुलात असे सारखे नसतात," म्हणत त्यांनी धाग्यासारखे तुकडे वळून एकेक चिकटवले. स्वतःच्या वाढदिवसाच्या केकची निम्मी सजावट त्यांनी स्वतःच केली, आणि त्यात गैर काही आहे असे त्यांना मुळीच वाटले नाही.

जोडणी वाढदिवसाच्या आदल्या रात्री केली. फुलांच्या तारा बांधायची हिरवी पट्टी ताणल्याशिवाय चिकटत नाही. ती ओढून धरली की तिच्यातले मेण जागे होते. चाफ्याच्या पाकळ्या मी आतून बाहेर, कागदावर मांडलेल्या क्रमाने, पाच-पाचच्या तीन फेऱ्यांत बांधल्या. पाकळी वाळलेली असल्याने ती हलवायची तर तारेच्या बुडाशी चिमट्याने वाकवायची, पाकळीला हात लावायचा नाही. तरी तीन फुटल्या. जास्तीच्या करून ठेवल्या नसत्या तर त्या रात्री झोप मिळाली नसती.

केकवर मलईचे आयसिंग नको, हा निर्णय मी आधीच घेतला होता. मलईचा केक फ्रिजमध्ये ठेवावा लागतो, आणि फ्रिजमधून बाहेर आलेल्या थंड फुलावर हवेतली वाफ दवासारखी जमते. तासाभरात रंग वाहतो आणि पाकळ्या वाकतात. म्हणून अंड्याशिवायच्या केकवर चॉकलेट गनाशचा थर आणि त्यावर पातळ फाँडंट, असा केक बाहेरच ठेवला. तारा केकमध्ये थेट खुपसायच्या नाहीत, हाही नियम आहे, कारण त्या तारा आणि त्यांवरची पट्टी खाण्यासाठी बनवलेल्या नसतात. मी जाड स्ट्रॉचे तुकडे कापून त्यांचे खालचे टोक पेस्टने बंद केले, ते केकमध्ये रोवले आणि फुलांचे देठ त्यांत बसवले. केक कापण्याआधी सगळा गुच्छ स्ट्रॉसकट उचलून ताटलीत काढून ठेवता येतो. फुले मी पाहुणे येण्याच्या अर्धा तास आधी डब्यातून काढली. संध्याकाळी पाऊस लागलेलाच होता, आणि साडेनऊच्या सुमारास पुढच्या चाफ्याची एक आतली पाकळी खाली वाकू लागलेली मला दिसली. इतर कोणाच्या ती लक्षात आली नाही, किंवा आली असली तरी फुले कोमेजतातच असे वाटले असावे. सासूबाईंच्या धाकट्या बहिणीने चाफा उचलून नाकाशी नेला आणि मग हसू लागली.

कपकेकवरची अबोली मुलांनी फस्त केली. तीन गुलाब आणि दोन चाफे पाहुण्यांनी हट्टाने मागून नेले. एक चाफा मी टेबलावर तसाच विसरले आणि सकाळपर्यंत त्याला मुंग्यांची रांग लागली होती. उरलेले दोन काचेच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्या घालून सासूबाईंच्या कपाटात आहेत, उजेडाने रंग उडतो म्हणून. पुड्यांतले निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की त्या बरणी घेऊन माझ्याकडे येतात, आणि मी ते दाणे ताटलीत काढून ओव्हनमध्ये मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत ठेवते. ऑक्टोबरपर्यंत हे दर पंधरा दिवसांनी करावे लागले. पौष लागल्यावर त्या बरणी घेऊन आल्या नाहीत. परात आणि शेगडी काढून द्यायला सांगायला आल्या.